छत्तीस खणांची डबी

लहानपणी गळालेल्या पापणीच्या केसावर फुंकर मारून इच्छा मागायची मला मनाई होती. इतर मुली तो केस मुठीवर ठेवत, डोळे मिटत आणि काय मागितलं ते कुणाला सांगत नसत. माझ्या गालावर केस दिसला की आई म्हणायची, "थांब, हलू नकोस, हसूही नकोस." मग चिमट्याने तो उचलून कागदाच्या पुडीत ठेवायची. माझ्या इच्छेचं काय, असं मी एकदा विचारलं.

"तुझी इच्छा मी कामाला लावते," ती म्हणाली.

ते काम असं होतं. विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागाच्या तळघरात, खिडकी नसलेल्या एका खोलीत, आई एकतीस वर्षं एकपेशीय जिवांचे काप करत होती. साचलेल्या पाण्याच्या थेंबात असे शेकडो जीव फिरत असतात. त्यांच्या आत काय चाललंय हे पाहायचं, तर आधी त्यांना आहे त्या क्षणी धरून ठेवावं लागतं. पुस्तकात याला स्थिरीकरण म्हणतात. आई 'थांबवणं' म्हणायची. "म्हणजे मारताच ना?" असं कुणी पाहुण्याने विचारलं की ती म्हणे, "मारणं वेगळं. मारलं की तो आक्रसतो. आम्ही त्याला कळायच्या आत थांबवतो." मग त्याच्यातलं पाणी काढून हळूहळू अल्कोहोल भरायचं, अल्कोहोल काढून राळ भरायची, आणि राळेसकट भट्टीत दोन दिवस. बाहेर येतो तो मधाच्या रंगाचा टणक ठोकळा, वाटाण्याहून थोडा मोठा. त्यात कुठेतरी तो असतो.

ठोकळ्याचे काप हिऱ्याच्या पात्यावर होतात. पात्याला लागून पाण्याची इवलीशी कुंडी असते. काप सुटला की पाण्यावर तरंगतो, त्याला चिकटून दुसरा येतो, मग तिसरा. अशी पट्टी तयार होते. विभागातले सगळे त्यांना सेक्शन म्हणत, आई पापुद्रे म्हणायची. पापुद्रा किती पातळ झालाय हे पाण्यावरच्या रंगावरून ओळखायचं. जांभळा म्हणजे फार जाड, सोनेरी म्हणजे बरा, चंदेरी म्हणजे हवा तसा. "सोनं नको, चांदी दे," असं ती यंत्राला म्हणायची. वडील होते तेव्हा पाहुण्यांना सांगत, "आमच्या हिला सोन्याचा तिटकारा आहे. माझं नशीब."

तरंगणारी पट्टी वळवायची, पुढे ढकलायची, एकीपासून दुसरी सोडवायची, तर सुई चालत नाही, कुंचल्याचा केस जाड पडतो. चालतो तो पापणीचा केस, काडीच्या टोकाला नखांच्या रंगाने चिकटवलेला. आईच्या खणात अशा अकरा काड्या होत्या, प्रत्येकीवर तेव्हाच्या माझ्या वयाची चिठ्ठी. स्वतःच्या पापण्या ती वापरत नसे. "माझ्या केसांना वळण नाही," ती म्हणायची. "तुला वळण आहे. पापण्यांपुरतं तरी."

आई जाऊन साडेतीन आठवडे झाले होते तेव्हा विभागातून फोन आला. पलीकडे एक मुलगी होती. तिथे डॉक्टरेट करणारी, आईच्या तोंडून मी रोज जिच्याबद्दल ऐकत होते ती. आई घरी तिला 'गिळणारी' म्हणायची, कारण तिचा सगळा प्रबंध एक जीव दुसऱ्याला गिळतो कसा यावर होता.

"ताई, मावशींचं सामान न्यायला कधी येताय? आणि... घरी त्यांची एखादी कच्ची वही आहे का हो? कामाची?"

"घरी ती फक्त वाण्याची यादी लिहायची," मी म्हणाले.

"बघाल का तरीही?"

मी पाहिलं. नव्हती. तिच्या तोंडचा 'ताई' मात्र कानात राहिला. शेवटच्या दोन महिन्यांत आईही मला ताई म्हणत होती. ताई म्हणजे तिची मोठी बहीण, जी मी जन्मायच्या आधीच गेली.

आईच्या डोक्यात गाठ निघाली होती. आधी तिने वरणात दोनदा मीठ घातलं. मग मला विचारलं की ताई, तुझी वेणी कुणी कापली. ती तरीही रोज कामावर जात होती, आणि तिथलं कुणी तक्रार करत नव्हतं. एका सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी विभागप्रमुखांना फोन केला. मी म्हणाले, "आता तिच्या हातात महत्त्वाचं काही देऊ नका. तिच्याकडून चुका होतील." ते भले गृहस्थ होते. त्यांनी आठवडा संपू दिला आणि तिला रजेवर पाठवलं. "मला घरी का बसवलं गं?" तिने विचारलं. मी म्हणाले, सरांनीच ठरवलं. "असू दे. माझी डबी झाली पुरी," ती म्हणाली. मी मान डोलावली, आजाऱ्यासमोर डोलावतात तशी.

घरी परिचारिका ठेवली होती. तिने एकदा दुपारी चारची गोळी रात्री आठला दिली म्हणून मी तिला बोलले. तिने आईच्या हातचा गोळ्यांचा कागद माझ्यापुढे धरला. "हे बघा, आठच लिहिलंय. माझा काय दोष?" मी कागद हातात घेतलाही नाही. आईनेच चुकीचं लिहिलं असणार, असं म्हणून विषय संपवला. मी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधक आहे. लिहिलेलं नीट पाहणं हा माझा धंदा आहे.

विभागाच्या तळघरात जाताना दारावर अजून आईच्या अक्षरातली पाटी होती: 'आत पट्टी तरंगते आहे. दार हळू.' मी हळू उघडलं. खोलीत पंखा नव्हता, वाऱ्याच्या झोताने पट्टी हलते म्हणून. खुर्चीवर तिची पाठीची उशी होती. गिळणारी स्टुलावर बसली होती, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, डोळे सुजलेले. विभागप्रमुख उभे होते. माझं सांत्वन त्यांनी थोडक्यात आणि नीट केलं. मग म्हणाले, "एक गोष्ट तुमच्या समोरच करतो. तुमच्या मागे केली असं व्हायला नको."

मला काही कळेना. ते मुलीकडे वळले. "तूच दाखव."

तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. एकावर एक रचलेल्या हजारो कापांच्या छायाचित्रांतून तयार झालेला एक लांबट, पारदर्शक आकार हळूहळू गोल फिरत होता. आत निळ्या रंगात एक नळी दाखवली होती.

"हा याचा घसा," ती म्हणाली. "हे तोंड. इथे त्याने दुसऱ्याला अर्धा आत घेतलाय. गिळता गिळता थांबवलेला आहे, ताई. आठशे जीव थांबवले तेव्हा हा एक या अवस्थेत सापडला. माझं म्हणणं असं की ही नळी तोंडापासून थेट आतपर्यंत सलग जाते. तीन वर्षं मी हेच म्हणतेय. मावशींनी याचे चौदाशे पापुद्रे केले. चार डब्या. पहिल्या तीन डब्यांत बघा, कशी सुरेख जाते. आणि आता चौथी."

चौथ्या डबीपासून नळीचे तुकडे पडले होते. सात ठिकाणी ती तुटत होती, काही ठिकाणी नुसतीच पोकळी होती.

"घसा म्हणायचा की फुटका पाइप?" ती म्हणाली.

ती चौथी डबी तिने माझ्या हातात दिली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, आत छत्तीस खण, प्रत्येक खणाला छापील आकडा. प्रत्येक खणात तांब्याची एक गोल जाळी, टिकलीएवढी, आणि जाळीवर एक पट्टी. आईची एक पद्धत होती, ती मला माहीत होती. लागोपाठच्या पट्ट्या ती शेजारच्या खणांत कधीच ठेवत नसे. डबी पडली, एखाद्या कोपऱ्यात ओल गेली, तरी दोन शेजारी एकदम जाता कामा नयेत. मधला एक पापुद्रा गेला तर मागच्यापुढच्यावरून कळतं. सलग वीस गेले तर काहीच कळत नाही. त्यामुळे कोणती पट्टी कोणत्या खणात, हे फक्त तिच्या वहीवरून कळायचं. वहीत ओळींचे अनुक्रमांक छापील होते, त्याच क्रमाने पट्ट्या कापलेल्या. पुढे ती हाताने खणाचा आकडा लिही, आणि त्यापुढे शेरा, नेहमी अक्षरी.

"शेवटच्या डबीत आठव्या खणाची नोंद दोनदा आहे," विभागप्रमुख म्हणाले. "अठराची दोनदा. अठ्ठावीसची दोनदा. आणि एक पट्टी अडतिसाव्या खणात ठेवलीय म्हणे. डबीला खणच छत्तीस आहेत."

"आणि शेरेही जुळत नाहीत," मुलगी म्हणाली. "वहीत सात काप, खणात बघावं तर नऊ."

"चित्रं बघून क्रम लावता येणार नाही?" मी विचारलं.

"येईल की. नळी सलग आहे असं धरून काप लावायचे, आणि मग काप दाखवून म्हणायचं, बघा, नळी सलग आहे. परीक्षक आम्हाला उभं करणार नाहीत दारात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "क्रम वहीतून आला तरच तो पुरावा. वही बिघडली की मालिका बिघडली. हिला नव्याने जीव शोधावा लागेल आणि तो त्या नव्या यंत्रावर घालावा लागेल."

नवं यंत्र मला ऐकून माहीत होतं. ते ठोकळ्याचा एक थर तासतं, खालच्या पृष्ठभागाचं छायाचित्र घेतं, पुन्हा तासतं. क्रम चुकण्याचा प्रश्नच नाही, पण तासलेलं सगळं भुगा होऊन जातं. आई त्याला किसणी म्हणायची.

"तारखा पाहा," विभागप्रमुख हलक्या आवाजात म्हणाले. "तुमचा फोन आला तो हाच आठवडा. तुम्ही बरोबर सांगितलं होतं. मीच उशीर केला."

त्यांनी वही उघडली, लाल पेन घेतलं, शेवटच्या तीन पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत प्रत्येकी एक तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'अविश्वसनीय. रद्द.' सही केली, तारीख घातली. वहीतलं काही खोडायचं असेल तर ते वाचता येईल असंच खोडायचं, हा तिथला नियम. मग तासाभरात वर्ग संपवून येतो म्हणून ते वर गेले.

मी सामान पिशवीत भरायला लागले. उशी. पाण्याची बाटली. काड्यांची पेटी मी उघडली नाही. मुलगी माझ्या मागे उभी होती.

"मावशी मला म्हणाल्या होत्या, पोरी, शेवटची डबी सगळी चांदी आहे," ती म्हणाली. "मी वर जाऊन पेढे... म्हणजे, काहीतरी आणणार होते. राहिलं."

"तिला गोड चालत नव्हतं," मी म्हणाले. आणि बोलायचं टाळायला वही हातात घेतली.

सवयीने मी शब्द वाचायच्या आधी आकार पाहते. आईच्या आठचा आकार मला पाठ होता. ती इंग्रजी आठ एका रेघेत कधी काढत नसे. आधी वरचा गोल, मग पेन उचलून खालचा गोल. लहानपणी मी त्याला दोन भाकऱ्या म्हणायचे. या पानांवर तसे आठ होते, पण तीनच. उरलेले चार आठ वेगळे होते. ते एका झटक्यात काढलेले होते, वरून निघून खाली गाठ मारून परत वर आलेले, आणि वरची दोन टोकं थरथरत एकमेकांना भिडलेली. भिडलेली, पण जुळलेली नाहीत. एकाच्या टोकाजवळ केसभर फट होती.

मी पानं मागे उलटली. मग पुढे.

"इथे चार नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"चार. छत्तीस खण आहेत ना? चार, चौदा, चोवीस, चौतीस. चार हा आकडा चार वेळा यायला हवा. या तीन पानांत तो एकदाही नाही."

"नाहीच आहे. त्या चार खणांची नोंदच नाहीये. जाळ्या आहेत आत, पण सर म्हणाले हात लावू नकोस, चाचणीच्या पट्ट्या असतील."

"म्हणजे त्या तू पाहिल्या नाहीस?"

"एकही नाही. का?"

मी त्या आठांवर बोट ठेवलं. "हा आठ नाही. हा आपला चार आहे."

"आपला म्हणजे?"

"मराठी. तुला शाळेत नव्हता?"

"मला शाळेत सगळं इंग्रजीतून. आपले आकडे म्हणजे, पुस्तकाच्या पानांवर असतात, ते माहितीयत. पण वाचताना पानाचा आकडा कोण बघतं, ताई?"

"मी बघते."

आईला आकडे तिच्या वडिलांनी पाटीवर शिकवले होते, शाळेत घालायच्या आधी. पुढे शाळेने ते बदलले आणि नोकरीने पक्के केले. चार दशकं ती इंग्रजी चार काढत होती, खुर्ची उलटी ठेवावी तसा. शेवटच्या महिन्यांत तिला पुष्कळ जुनं परत मिळत होतं. ताई मिळाली होती. हा चारही मिळाला असणार, आणि आपण तो मधल्या काळात टाकला होता हे तिच्या लक्षात आलं नसणार. बाकीचे आकडे जसेच्या तसे होते. एवढा एकच परत आला होता. परिचारिकेने नाकापुढे धरलेला कागद मला आठवला. त्याच्याबद्दल मी इथे आणखी लिहीत नाही.

मुलीने वही ओढून घेतली. "थांबा. मग अडतीस म्हणजे चौतीस. अठरा म्हणजे..." ती खाली बसली. मग लगेच उठली. "नाही. सर हेच म्हणतील की आपल्याला हवं तसं वाचलं. आपल्याला सोयीचं आहे म्हणून आठाचा चार केला."

तिचं बरोबर होतं. मला ती त्या क्षणी आवडली.

"शेरे आहेत," मी म्हणाले. "तू त्या चार जाळ्या पाहिलेल्या नाहीस. मी यंत्रात बघणार नाही. आमच्याकडे प्रूफ असंच तपासतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची. पण आपण उलटं करू. तू आधी बघून सांग काय दिसतं ते. मग मी वाचते."

शेजारच्या अंधाऱ्या खोलीत मोठा सूक्ष्मदर्शक होता, छतापर्यंत उंच, गुणगुणत असलेला. तिने चौथ्या खणातली जाळी चिमट्याने उचलली तेव्हा तिचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. आईचाही असाच थांबायचा. घरी भाजी चिरतानाही. हवा बाहेर काढायला यंत्राने काही मिनिटं घेतली. तेवढा वेळ मी वही छातीशी धरून दाराकडे तोंड करून उभी होते.

"लागली पट्टी," ती म्हणाली. "एक, दोन... सात. सात काप आहेत. आणि एकावर घडी आहे, उभी. तिसऱ्यावर."

मी वाचलं. "ओळ सातवी. 'सात काप. तिसऱ्याला घडी.'"

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"चौदा घेते," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "नऊ. सगळ्यांवर एक ओरखडा जातोय, एकाच जागी. उजवीकडे. पात्याचा."

"ओळ एकोणिसावी. 'नऊ. पात्याचा चरा, उजव्या अंगाला, सर्वांवर.'"

"आई गं," ती म्हणाली. कुणाच्या आईला, कळलं नाही.

चोवीसच्या खणात सहा काप होते आणि शेवटचा अर्धा फाटलेला. वहीत बाविसाव्या ओळीत लिहिलं होतं: 'सहा. शेवटचा अर्धा. शिंक आली.' मुलगी अंधारात हसली आणि मग बराच वेळ नाक पुसत राहिली.

"चौतीस. दहा काप. स्वच्छ. एक सुरकुती नाही. बस, एवढंच दिसतंय. काय लिहिलंय?"

मी ओळ एकतिसावी पाहिली. तिथे जास्त लिहिलं होतं. मी ते सगळं वाचलं, कारण पद्धत तशी असते, मूळ प्रतीतलं काही गाळायचं नसतं.

"'दहा. सर्व चांदी. काडी लेकीची, वय चार.'"

पानाच्या वर तारखेचा शिक्का होता. मी विभागप्रमुखांना फोन केला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने मला ताई म्हणून हाक मारली होती आणि विचारलं होतं, आपल्या दोघींचं जेवण झालं का. तिला मी आता आठवत नाही, असं तेव्हा मी धरलं होतं.

मुलगी संगणकाकडे गेली आणि नव्या क्रमाने पट्ट्या लावायला लागली. चार पट्ट्यांची छायाचित्रं नव्याने घ्यायची होती, पण आठ, अठरा आणि अठ्ठावीस या खणांच्या नोंदी आता वादात नव्हत्या, त्या तीन लगेच आपल्या जागी बसल्या. घाईत काढलेली चार कच्ची छायाचित्रं तिने बाकीच्या जागी घातली. निळी नळी पडद्यावर पुन्हा उमटली. सात ठिकाणी तुटत होती, त्यांपैकी सहा जागी जुळली.

सातव्या जागी ती तुटलेलीच राहिली.

मुलगी पडद्याच्या अगदी जवळ गेली. मागचा काप, पुढचा काप. मागचा, पुढचा. "हे खरं आहे," ती म्हणाली. "नळी इथे संपते. मग मोकळी जागा आहे आणि पुढे दुसरी सुरू होते. सलग नाहीचे." ती मागे टेकली. पेन्सिल अंबाड्यातून खाली पडली. "तीन वर्षं मी चूक बोलतेय."

"आता काय करशील?"

"काय करणार? बरोबर बोलेन." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मघाशी चूक कुणाची ते कळत नव्हतं. आता माझी आहे हे तरी पक्कं. मावशींची नाही."

विभागप्रमुख वर्ग आटोपून आले तेव्हा बोटांना खडू होता. त्यांनी उभ्यानेच सगळं ऐकलं. वही दिव्याखाली धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या चार आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"हा चार आहे," ते म्हणाले. "अर्थात. हा आपला चार आहे."

"अर्थात," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजातली धार त्यांना समजली, पण त्यांनी सोडून दिली. त्यांनी स्वतः एक जाळी निवडली, चौदाव्या खणातली, आणि आम्ही त्यांच्यासमोर पुन्हा तेच केलं. या खेपेला वाचायला त्यांनी घेतलं. 'चरा' हा शब्द त्यांनी दोनदा वाचला.

"मी खोडून बसलो ना पण," ते खुर्चीत बसत म्हणाले. "खोडलेलं परत घ्यायची सोय या वहीत नाही. नवीन पानावर सगळ्या नोंदी उतरवून काढाव्या लागतील. छत्तीस. तुम्ही त्या आठांचे... त्या चारांचे नीट चार करून द्या, मी खाली सही करतो."

"उतरवायच्या नाहीत," मी म्हणाले. "दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नाही."

"मग?"

"आमच्याकडे खोडलेला मजकूर परत हवा असेल तर त्याच्याखाली टिंबं देतात. समासात लिहितात, 'ठेवावे'. छापखान्यातला जुळारी समजतो."

"या वहीत तशी पद्धत नाही."

"आमच्यात आहे. पद्धत काय, खाली एका ओळीत लिहून ठेवते. पुढे कुणी वाचलं तर त्यालाही समजेल."

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी छताकडे पाहत होती. मग त्यांनी खिशातलं पेन काढून मला दिलं. लाल नव्हे, निळं.

मी आईच्या खुर्चीवर बसले. ती बरीच उंच करून ठेवलेली होती, माझे पाय टेकेनात. सवयीने मी प्रत्येक ओळ आधी वाचली, मगच खाली टिंबं दिली. आकड्याखाली, शेऱ्याखाली. 'सात काप.' 'शिंक आली.' छत्तीस ओळींना अर्धा तास लागला. मुलगी मध्ये एकदा काड्यांची पेटी माझ्या कोपराजवळ ठेवून गेली. "यातली एक मी ठेवून घेऊ?" तिने विचारलं. "पुढचा जीव मला स्वतःच कापायचाय."

"चारची सोडून कुठलीही घे," मी म्हणाले.

तिने नऊची घेतली. ती उजेडात धरून पाहिली, केसाचं टोक, त्याचं वळण. दारावरची पाटी काढू का, असं विभागप्रमुखांनी विचारलं, आणि तीच नाही म्हणाली.

शेवटच्या पानाच्या समासात मी लिहिलं: 'ठेवावे.' खाली टिंबांचा अर्थ एका ओळीत लिहिला. मग सही केली. सहीपुढे हुद्द्याची जागा होती, ती रिकामी ठेवली. तारखेची जागा भरणं भाग होतं. त्या दिवशी चौदा तारीख होती. मी एक काढला, मग चार काढला, आईला तिच्या वडिलांनी पाटीवर शिकवला होता तो, आणि त्याची वरची दोन टोकं नीट उघडी ठेवली.